उंची नेमकी कशाची?

पावसाळा तोंडावर आला की नागपुरात एक वाद ठरल्यासारखा उकरला जातो. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत माणसं झोपेत असतानाच पाणी घरात शिरलं. तेव्हापासून शहराच्या पूर-नकाशाबद्दल बोलणाऱ्यांचे दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, अंतराळातून रडारने अख्खी पृथ्वी मोजून झाली, उंचीचे नकाशे इंटरनेटवर फुकट पडले आहेत, संगणकावर बसून चार दिवसांत पूररेषा निघेल. मग अडलंय कुठे? दुसरा तट म्हणतो, शेकडो किलोमीटरवरून काढलेल्या परक्या चित्रावर इथल्या घरांचा निकाल कसा लावता, इथलं पाणी इथल्याच माणसाला कळतं. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटाहून नासा आणि इस्रो यांचा निसार हा रडार उपग्रह सुटला आणि पहिल्या तटाचा आवाज आणखी चढला.

दोघंही भांडतायत ते आकाश खरं की जमीन खरी यावर. यात निवडायचं काहीच नाही. रडारचा उंचीनकाशा खोऱ्याच्या हिशोबासाठी उत्तम आहे आणि तो आजच वापरायला हवा. गल्लीच्या हिशोबासाठी तो कुचकामी आहे, आणि गल्लीचं मोजमाप टाळण्यासाठी त्याचा आडोसा घेणं हा लोकांवर अन्याय आहे. नकाशा कुठलाही असो, त्यातल्या उंचीसोबत तिची चूकही छापली पाहिजे. वाद घालायचाच तर तो या चुकीच्या आकड्यावर घालावा, म्हणजे त्यातून काहीतरी निघेल.

आधी हे नकाशे आले कुठून ते पाहू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. फेब्रुवारी 2000मध्ये एंडेव्हर हे अवकाशयान एक रडार घेऊन 11 दिवसांच्या फेरीवर गेलं. यानाच्या पोटात एक अँटेना होता आणि दुसरा होता 60 मीटर लांब दांड्याच्या टोकाला. हा दांडा उड्डाणाच्या वेळी तीन मीटरच्या डब्यात घडी घालून ठेवलेला होता. पोटातल्या अँटेनाने 5.6 सेंटिमीटर लांबीची लहर जमिनीवर सोडायची आणि परतीची लहर दोन्ही अँटेनांनी टिपायची. दोघांपर्यंतच्या अंतरात लहरीच्या काही अंशाचा फरक पडतो, आणि त्या फरकातून त्या ठिकाणाची उंची काढता येते. ढग, अंधार, धूर यांचं या लहरीला सोयरसुतक नाही. दांड्याच्या टोकाचं वायूचं नळकं बिघडल्यामुळे यान स्थिर धरायला ठरल्यापेक्षा जास्त इंधन जाळावं लागलं, तरी काटकसर करून मोहीम पुरी केली गेली. उत्तरेला 60 अंशांपासून दक्षिणेला 56 अंशांपर्यंतची, म्हणजे पृथ्वीवरची सुमारे 80 टक्के जमीन त्या 11 दिवसांत एकाच मापाने मोजली गेली. एसआरटीएम म्हणतात तो हाच नकाशा. पुढे जर्मनीने टेराएसएआर-एक्स आणि टॅनडेम-एक्स हे दोन उपग्रह जोडीने उडवून आणखी बारकाईचा नकाशा केला. त्याची 30 मीटर चौकटीची आवृत्ती आज कोपर्निकस या नावाने कुणालाही उतरवून घेता येते.

या कामाला नावं ठेवणाऱ्यांनी एक आठवावं. आपल्याकडे समोच्च रेषांचे सविस्तर नकाशे नव्हते असं नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचं काम जगात नावाजलेलं होतं. पण ते नकाशे परवानग्यांच्या कुलपात होते. धरणाच्या पाणलोटाचा अभ्यास करणारा विद्यार्थी, विहिरींचं नियोजन करणारी संस्था किंवा एखादा पंचायत समितीचा अभियंता यांच्या हातात उंचीचा पहिला आकडा आला तो परक्या नकाशातून. तोही आधी पाण्यात मिसळलेल्या दुधासारखा: अमेरिकेला 30 मीटरची चौकट आणि बाकी जगाला 90 मीटरची. बारीक चौकट सगळ्यांना देण्याची घोषणा व्हायला सप्टेंबर 2014 उजाडावं लागलं. रडारच्या नकाशाने खरी क्रांती केली ती अचूकतेने नव्हे, मोकळेपणाने. पहिला तट अचूकतेचं गाणं गातो आणि दुसऱ्याला मोकळेपणाची किंमत कळत नाही.

आता मूळ दुखण्याकडे. रडारने उंची मोजली, पण कशाची? लहर ज्या वस्तूवर आपटून परत आली तिची. उघड्या माळरानावर ती वस्तू म्हणजे जमीन. सेमिनरी हिल्सवर ती झाडांचा शेंडा आणि बुंधा यांच्या मधली कुठलीतरी पातळी, कारण पाच-सहा सेंटिमीटरची लहर पानांत आणि फांद्यांतच बरीचशी विखुरते. इतवारी किंवा महालसारख्या जुन्या दाट वस्तीत ती वस्तू म्हणजे छपरं, गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि मधल्या बोळांचा जो काही वाटा येईल तो. शिवाय रडार सरळ खाली पाहत नाही, तिरकं पाहतं. त्यामुळे उंच इमारतीचा माथा तिच्या पायथ्याच्या आधी परततो आणि चित्रात पुढे झुकतो, तर मागची गल्ली सावलीत जाते. त्या गल्लीबद्दल रडारला काहीही माहीत नसतं. नकाशात तिथे जो आकडा दिसतो तो शेजारच्या आकड्यांवरून भरलेला असतो.

त्यात एका चौकटीला एकच उंची. 30 मीटर बाय 30 मीटर म्हणजे 900 चौरस मीटर, साधारण 9,700 चौरस फूट. आपल्या लेआउटमधले दीड हजार चौरस फुटांचे सहा प्लॉट एका चौकटीत बसतात आणि रस्त्यालाही जागा उरते. त्या सहा घरांची, अंगणातल्या कडुनिंबाची, समोरच्या नाल्याची मिळून एक उंची! नाग नदी शहरातून जाताना अनेक ठिकाणी 30 मीटरहूनही अरुंद आहे. नदीचं पात्र ज्या नकाशात धड एक चौकटही व्यापत नाही, त्या नकाशावरून तिची पूररेषा काढायची? एसआरटीएममध्ये आणखी एक गंमत आहे: त्यात उंची पूर्ण मीटरमध्येच साठवलेली असते. 309, 310, 311. मधलं काही नाही. सौम्य उताराचा रस्ता या नकाशात जिना होतो आणि संगणकातलं पाणी त्या खोट्या पायरीवर साचतं.

ही चूक किती? त्या मोहिमेचं उद्दिष्टच नव्वद टक्के ठिकाणी 16 मीटरच्या आत राहण्याचं होतं. प्रत्यक्षात काम त्याहून खूप सरस निघालं. आपल्या खंडात नव्वद टक्के ठिकाणी चूक सहा-साडेसहा मीटरच्या आत आली. अवकाशातून मोजलेल्या जगासाठी हे थक्क करणारं आहे. पण पाचशेला एक असा उतार असेल तर उंचीत एक मीटरची चूक म्हणजे पाण्याची कड जमिनीवर अर्धा किलोमीटर इकडे किंवा तिकडे. महाराष्ट्रात निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. अर्धा किलोमीटरच्या अनिश्चिततेवर ही रेषा ओढली, तर कुणाचा प्लॉट आत जाईल आणि कुणाचा बाहेर राहील हे नाणं उडवून ठरवल्यासारखंच.

इथे जाणकारही एक गोष्ट नजरेआड करतात. ही चूक दोन्ही बाजूंना सारखी झुकत नाही. छपरं आणि झाडं जमिनीला उंच दाखवतात, खोल कधीच दाखवत नाहीत. म्हणजे दाट वस्तीत रडारचा नकाशा पुराला कमी लेखतो. जिथे माणसं जास्त तिथे जमीन जास्त उंच, म्हणून जास्त सुरक्षित! 2019मध्ये जगभरच्या किनारपट्ट्यांसाठी हीच चूक दुरुस्त करून हिशोब पुन्हा मांडला गेला, तेव्हा समुद्राच्या वाढत्या पातळीने धोक्यात येणाऱ्या लोकांचा आकडा एसआरटीएमवरच्या जुन्या अंदाजाच्या सुमारे तिप्पट निघाला. समुद्र तोच, माणसं तीच. फक्त छपरांना जमीन समजणं थांबवलं. इमारती आणि झाडं गणिताने खरडून काढलेला फॅबडेम नावाचा नकाशा 2022मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातून आला. त्याने कोपर्निकसमधली वस्तीतली सरासरी चूक सुमारे 1.6 मीटरवरून 1.1 मीटरवर आणली. चांगलंच झालं. पण घराच्या उंबऱ्याची उंची किती असते? एक-दोन फूट. आपल्याला हवं आहे ते या सुधारलेल्या चुकीच्याही आत आहे.

पहिल्या तटाचा सगळ्यात जड मुद्दा मात्र वेगळाच आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, जमिनीवरची मोजणी माणूस करतो आणि माणूस वळवता येतो. मोजणीची दांडी चार इंच वर धरली की प्लॉट पूररेषेच्या बाहेर. उपग्रहाची कुठल्या बिल्डरशी ओळख नसते. खरं आहे, या देशात सातबारा आणि मोजणी यांच्या नावाने इतके खटले चाललेत की हा संशय कुणी मनातून काढू शकत नाही. पण उपग्रहाचा कच्चा आकडा ते छापील पूर-नकाशा या वाटेवर काय काय होतं ते पाहा. नदीवरचा पूल रडारला भिंतीसारखा दिसतो, म्हणून संगणकातलं पाणी पुलामागे तुंबतं. ते वाहतं करायला कुणीतरी तिथली उंची हाताने खोदतो. खोटे खड्डे बुजवतो. नाल्याची वाट चौकटीत दिसतच नाही, म्हणून जुन्या नकाशावरची रेघ घेऊन तिच्याखालची जमीन काही मीटर कोरतो, म्हणजे पाणी त्या वाटेने जाईल. आता ही रेघ कुठली? महसुली नकाशावरचा जुना नाला, की लेआउट पाडताना वळवलेला नवा? जी रेघ कोराल तिथून पूर वाहील. दांडी वर धरणारा हात गेलेला नाही, तो वातानुकूलित खोलीत जाऊन बसलाय. रस्त्यावर दांडी धरणाऱ्याला निदान शेजारीपाजारी बघत तरी असतात.

म्हणून उपाय उपग्रह की माणूस हा नाही. उपाय आहे तो प्रत्येक पायरी उघडी ठेवण्याचा: कुठला उंचीनकाशा घेतला, कुठे किती कोरलं, कुठे बुजवलं, कुठली रेघ प्रमाण मानली, आणि शेवटी जमिनीवरच्या कुठल्या ठिकाणांशी ताडून पाहिलं तर किती फरक आला. हे सगळं नकाशासोबत प्रसिद्ध झालं, तर बिल्डरच्या ओळखीचा माणूस मोजणीत असो की संगणकासमोर, त्याची चलाखी दुसऱ्या कुणाला तरी सापडेल.

दुसरा जड मुद्दा: काहीच नसण्यापेक्षा ओबडधोबड नकाशा बरा. इथे मी अर्धा मुद्दा आनंदाने मान्य करतो. नागपूरचा उतार ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. नाग नदी लावा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते, तिचं वरच्या बाजूचं पाणी अंबाझरीत येतं, मग ती शहर ओलांडते, पिवळी नदीला भेटते आणि पुढे कन्हानला मिळते. या सगळ्या खोऱ्याची हद्द, उतार, ओढ्यांची लांबी, पावसाचं पाणी तलावापर्यंत यायला लागणारा वेळ हे सगळं रडारच्या नकाशावरून उत्तम निघतं. खोऱ्याच्या क्षेत्रफळात दोन-चार टक्के चूक झाली तर बिघडत नाही. एक चौरस किलोमीटरवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख घनमीटर, दहा कोटी लिटर पाणी. त्यातलं किती जिरतं आणि किती किती वेळात तलावाकडे धावतं, हा अंदाज बांधायला एवढी अचूकता पुरेशी आहे. वरच्या बाजूला पर्जन्यमापक बसवून, तलावाची पातळी दर पंधरा मिनिटांनी नोंदवून, सांडव्यावरून पाणी जायच्या तास-दीड तास आधी इशारा देण्यासाठी लायडारच्या, म्हणजे लेझरने उंची मोजण्याच्या, निविदेची वाट पाहण्याची गरज नाही. मान्य न होणारा अर्धा भाग असा: इशाऱ्यासाठी पुरणारा नकाशा बांधकाम परवानगीला पुरत नाही. एकदा का ओबडधोबड रेघ शासकीय कागदावर छापली गेली की तिचा ओबडधोबडपणा कुणाला आठवत नाही. तिच्यावर परवाने निघतात, कर्जं मंजूर होतात, आणि दहा वर्षांनी कोर्टात ती पुरावा म्हणून उभी राहते.

आता दुसरा तट. त्यांचा एक आक्षेप बिनतोड आहे: नकाशा शिळा आहे. एसआरटीएम 2000चा, कोपर्निकसमागची मोजणी बव्हंशी 2011 ते 2015मधली. नागपूर मेट्रोचा एकही खांब त्यात नाही, वर्धा रोडवरचा दुमजली पूल नाही, मिहानच्या बाजूने त्यानंतर पडलेला भराव नाही, की सिमेंट रस्त्यांनी घरांच्या उंबऱ्यांवर चढवलेली इंचन् इंच उंची नाही. पण लावाच्या टेकड्या तेव्हापासून सरकलेल्या नाहीत. जिथे माणसाने जमीन हलवली तिथे नकाशा शिळा, बाकी ठिकाणी ताजा. आणि कुठे हलवली ते शोधायला अलीकडची उपग्रह-छायाचित्रं पुरतात. परकेपणाचा आक्षेप मात्र मला कधी कळला नाही. आपलाच कार्टोसॅट-1, 2005मध्ये सुटलेला, दोन कॅमेऱ्यांनी उंची मोजायचा. त्यालाही छप्परच दिसायचं. ईओएस-04 हा आपला रडार उपग्रह आहे, त्याची लहरही पानांतच अडकते. भौतिकशास्त्राला पासपोर्ट लागत नाही.

आणि राहता राहिला अनुभव. पाणी कुठून येतं हे काठावरच्या जुन्या माणसाला माहीत असतं, यात शंका नाही. पण अनुभव "कमरेएवढं पाणी होतं" असं सांगतो. कुणाच्या कमरेएवढं, कुठे उभं राहून? या अनुभवाचा आकडा करता येतो आणि तो करण्याची मुदत फार थोडी असते. पूर ओसरला की भिंतीवर गाळाची रेघ राहते. बाहेरच्या भिंतीवर ती वाहनांच्या लाटांनी फसवी होते, खोलीच्या आतली रेघ खरी. तिच्या वरच्या कडेला खूण करायची, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढायचा, तारीख आणि पत्ता नोंदवायचा, आणि मग लेव्हल हे मोजणीयंत्र लावून ती खूण जवळच्या बेंचमार्कशी, म्हणजे उंची आधीच नोंदलेल्या पक्क्या खुणेशी, जोडायची. एका गल्लीत निदान तीन घरं, म्हणजे एकीची गडबड दुसरीत पकडली जाते. 2023मध्ये पूर आला 23 सप्टेंबरला आणि दिवाळी होती नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. दिवाळीच्या रंगसफेदीत शहराचा सगळ्यात किमती पूर-अभिलेख पुसला जातो. उपग्रहावरचा कुठलाही खर्च त्या रेघांची भरपाई करू शकत नाही, कारण संगणकातला पूर खरा की खोटा हे तपासायला दुसरं काही हातात नसतं.

तपासणं ही आपल्याला नवी गोष्ट आहे का? दक्षिणेतून निघालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्ब्टन 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारला, हैदराबादहून नागपूरच्या वाटेवर असताना. तिथेच त्याला पुरलं. ते सर्वेक्षण साम्राज्याच्या सोयीसाठी होतं, त्याचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण त्याची एक शिस्त होती. 1802मध्ये मद्रासजवळ साखळीने एक आधाररेषा मोजली, तिच्यावर त्रिकोणांची माळ रचत उत्तरेकडे सरकले, आणि काही अंतर गेल्यावर पुन्हा एक आधाररेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजली. 1815मध्ये बीदरला, पुढे लॅम्ब्टनच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने सिरोंजला. कशासाठी? गणिताने काढलेली लांबी आणि मोजलेली लांबी किती जुळत नाही ते कळावं म्हणून. 1808मध्ये तंजावरच्या गोपुरावर चढवताना त्यांचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट हे कोन मोजायचं यंत्र आपटलं होतं; ते दुरुस्त केलं, तरी त्याच्या कोनांवरचा संशय पुढे एव्हरेस्टने सोडला नाही. जुळणीतली तफावत लिहून ठेवणं हा कामाचाच भाग होता. आज आपल्याकडे रंगीत पूर-नकाशे येतात, निळ्या रंगाच्या सहा छटा असतात, आणि तफावतीचा रकाना कुठेच नसतो. दोनशे वर्षांपूर्वी बैलगाडीतून फिरणाऱ्यांना जे शक्य होतं ते आपल्याला जड का जावं?

उंचीच्या बाबतीत तर हे शहर भाग्यवान आहे. झिरो माइलच्या षटकोनी दगडाची उंची समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट अशी नोंदलेली आहे, फुटाच्या हजाराव्या हिश्शापर्यंत. हे जवळपास 311 मीटर झाले. एसआरटीएमचा आकडाही ढोबळमानाने तिथेच येईल, पण ही जुळणी फसवी आहे, कारण "समुद्रसपाटी" तीन वेगवेगळ्या आहेत. सर्वेक्षण विभागाची जुनी पातळी किनाऱ्यावरच्या नऊ भरतीमापकांवरून 1909मध्ये ठरली. एसआरटीएम ईजीएम96 नावाच्या गणिती पृष्ठभागावरून मोजतो, कोपर्निकस ईजीएम2008वरून. आणि जीपीएसचा कच्चा आकडा यापैकी कशावरूनच नसतो. तो पृथ्वीच्या लंबगोलावरून असतो, आणि आपल्या भागात तो समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा पन्नास मीटरहून अधिक कमी भरतो. पन्नास मीटरची चूक लगेच डोळ्यांत भरते, म्हणून ती निरुपद्रवी. घात करते ती बाकीच्या पातळ्यांमधली अर्ध्या-एक मीटरची सरमिसळ. पुलाची उंची जुन्या बेंचमार्कवरून, पात्राचा तळ आरटीके या बारीक मोजणीच्या जीपीएसवरून, भोवतालची जमीन रडारवरून, आणि तिघांना एकाच नकाशात डकवलं, की नदी काठापेक्षा उंचावरून वाहायला लागते. मग कुणीतरी तळ "दुरुस्त" करतो, आणि ही दुरुस्ती कुठेही लिहिलेली नसते.

निसारबद्दल बोलल्याशिवाय हा विषय सुटत नाही, कारण सगळ्यात जास्त भाबडेपणा तिथे आहे. 747 किलोमीटर उंचीवरची कक्षा, 12 मीटर व्यासाची जाळीदार छत्री, नासाची 24 सेंटिमीटरची लहर आणि इस्रोची साधारण दहा सेंटिमीटरची, दर 12 दिवसांनी तीच वाट. जबरदस्त यंत्र आहे. पण ते उंचीनकाशा काढायला पाठवलेलं नाही! उंची मोजायला दोन अँटेनांमध्ये अंतर लागतं. निसारला मात्र प्रत्येक फेरीत शक्य तितकं जुन्याच वाटेवरून नेलं जातं, म्हणजे उंचीचा प्रभाव किमान राहील आणि जमीन किती हलली तेवढंच उरेल. तो हिशोब करायला त्यालाच आधीचा उंचीनकाशा हाताशी लागतो. "निसार आला, आता नवी पूररेषा मिळेल" असं म्हणणारा घड्याळाकडे पाहून वजन विचारतोय. तो पुराचं छायाचित्र तरी देईल का? पैनगंगा-वर्धेच्या काठी चार-चार दिवस पाणी थांबतं तिथे नक्की देईल, आणि लांब लहर झाडांखालचं पाणीही बरंच पकडेल. अंबाझरीचं पाणी मात्र काही तासांत आलं आणि ओसरलं. 12 दिवसांत दोनदाच येणारा पाहुणा नेमका त्या पहाटे दारात उभा असण्याची शक्यता किती? आणि असलाच, तरी इमारतींच्या सावलीतला पाण्याचा रस्ता आणि कोरडा डांबरी रस्ता त्याला सारखेच काळे दिसतात.

निसारचं खरं सोनं दुसरीकडे आहे. कामठीच्या कोळसापट्ट्यात भूमिगत खाणींवरची जमीन कुठे किती खचते हे सेंटिमीटरच्या हिशोबात कळेल. त्यासाठी लांब लहर हवीच होती, कारण छोट्या लहरीने घेतलेल्या दोन चित्रांना जोडणारा धागा पऱ्हाटी-सोयाबीनच्या वाढीत 12 दिवसांत तुटतो. तिथेही एक सावधगिरी: आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून बसते आणि पावसात फुगते. ही मातीची रोजची हालचाल आहे, खचणं नव्हे. ती वेगळी काढली नाही, तर एखाद्या जूनमध्ये "विदर्भ वर उचलला जातोय" अशी बातमी वाचायची तयारी ठेवा. नागपूरच्या पुरासाठी निसार देईल ते म्हणजे तलावावरच्या खोऱ्यातली माती किती ओली आहे याचा अंदाज. आधीच तुडुंब झालेल्या मातीवर शंभर मिलिमीटर आणि कोरड्या मातीवर शंभर मिलिमीटर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मग गल्लीचं मोजमाप कसं करायचं? ड्रोन किंवा विमानातून लायडार, जो झाडांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतो आणि उंची दहा-वीस सेंटिमीटरच्या आत देतो. फेब्रुवारी 2021च्या केंद्राच्या नियमांनंतर भारतीय संस्थांना उंचीत तीन मीटरहून बारीक मोजणी करायला पूर्वपरवानगीची गरज उरलेली नाही. परदेशी कंपन्यांवर बंधन आहे, आपल्यांवर नाही. एमआरसॅक हे राज्याचं सुदूर संवेदन केंद्र, व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आणि इस्रोचं सुदूर संवेदनाचं प्रादेशिक केंद्र एकाच शहरात असताना मनुष्यबळाचं कारण कुणी सांगू नये. पण लायडारलाही पाण्याखालचा तळ दिसत नाही आणि पुलाच्या पोटाची पातळी तर मुळीच नाही. म्हणून नदीचे आडवे छेद पायी चालत, दांडी धरूनच घ्यावे लागतात: साधारण दर शंभर मीटरला एक, आणि प्रत्येक पुलाच्या वर एक, खाली एक. तिथे तळपातळी, गर्डरच्या खालची पातळी, खांबांची रुंदी, आत अडकलेल्या पाण्याच्या आणि केबलच्या पाइपा, सगळं नोंदवायचं. पूर अडतो तो अशाच ठिकाणी. अंबाझरीच्या सांडव्यासमोर काय उभं असावं यावर शहरात एवढं रण माजलं. त्या एका जागेचे छेद टेबलावर असते तर निम्मं भांडण आकड्यांत संपलं असतं.

यातून निघणाऱ्या नकाशात दोन नव्हे, तीन रंग हवेत: नक्की बुडणारी जमीन, नक्की न बुडणारी, आणि मधला पट्टा, जिथे आजच्या मोजणीवरून सांगता येत नाही. तिसरा रंग छापला तर त्या पट्ट्यातले भाव पडतील, लोक कोर्टात जातील, हा आक्षेप मी ऐकून आहे आणि तो पोकळ नाही. पण तो पट्टा आजही आहेच. फक्त त्याची माहिती विकणाऱ्याला असते आणि घेणाऱ्याला पाणी आल्यावर होते. पट्ट्यातल्या मालकाला स्वतःच्या खर्चाने परवानाधारक मोजणीदाराकडून उंबऱ्याची पातळी घेऊन ती ठरलेल्या बेंचमार्कशी जोडून सादर करता यावी, आणि ती तपासून ठरलेल्या मुदतीत नकाशा बदलावा. अशी शंभर-दोनशे आव्हानं आली तर शहराला तेवढे नवे तपासबिंदू फुकट मिळतील.

छेद घेण्याची वेळही महत्त्वाची. उन्हाळ्यात नद्यांमध्ये पोकलेन उतरतात आणि गाळ निघतो. मोजणी त्याआधी केली तर पात्र खरं असतं त्याहून उथळ दिसतं, आणि फक्त गाळ काढल्यानंतर केली तर वर्षभर नदी तशीच राहील असं गृहीत धरलं जातं. पात्राच्या खडबडीतपणाचा आकडाही (त्यालाच मॅनिंगचा गुणांक म्हणतात) बदलतो. स्वच्छ काँक्रीटच्या पात्राला मॅनिंगचा गुणांक 0.015च्या आसपास धरतात, जलपर्णी आणि प्लॅस्टिकने भरलेल्याला 0.05 किंवा त्याहून जास्त, म्हणजे त्याच उतारावर आणि त्याच खोलीला पाणी तिपटीहून अधिक संथ आणि तेवढ्याच पाण्याला काठ अपुरे. म्हणून तेच छेद मेअखेरीस एकदा आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा घ्यावेत, आणि पूररेषा ऑक्टोबरच्या पात्रावर काढावी, कारण 2023चा पूर पावसाळा संपता संपताच आला होता.